नवा कॉम्प्युटर घेण्याआधी जुन्याला विचारा

कॉम्प्युटर म्हातारा झाला असं आपण म्हणतो, पण त्यातला बहुधा सगळ्यात महागडा भाग, म्हणजे प्रोसेसर, म्हातारा होतच नाही. २०११ च्या जानेवारीत बाजारात आलेला इंटेलचा कोअर आय५ २४०० तेव्हा ३.१ गिगाहर्ट्‌झवर चालायचा, आजही तितक्याच वेगाने चालतो. हजार आकड्यांची बेरीज करायला त्याला तेव्हा जेवढा वेळ लागायचा तेवढाच आता लागतो. तरीही ज्याच्या टेबलाखाली हा कॉम्प्युटर आहे तो माणूस शपथेवर सांगेल की हा पूर्वी असा नव्हता. दोघांचंही खरं आहे.

झिजतात त्या प्रोसेसरच्या आजूबाजूच्या वस्तू. पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा थर बसतो, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वाळून खडखडीत होते. मग चिप तापते, आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवते. हार्ड डिस्कवरचे काही भाग कच्चे पडतात; तिथली माहिती वाचताना डिस्क पुन्हापुन्हा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ सगळं हँग होतं. वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, म्हणजे एसएमपीएसमधल्या, कपॅसिटरची डोकी फुगतात. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो उतरला की कॉम्प्युटर दर सकाळी तारीख विसरतो, कुठल्या तरी जुन्या वर्षात जाऊन बसतो, आणि बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडायचं नाकारतो. मालकाला वाटतं इंटरनेट बिघडलं, नाहीतर कॉम्प्युटरचे दिवस भरले. दोष असतो त्या चिल्लर किमतीच्या सेलचा.

दुसरीकडे ओझं वाढत जातं. ब्राउझरचे पंधरा टॅब, व्हॉट्सअॅप वेब, अँटिव्हायरस, पाठीमागे गुपचूप उतरणारे अपडेट. २०११ मध्ये ४ जीबी रॅम ऐसपैस वाटायची. आज नुसता ब्राउझर तेवढी खाऊन टाकतो.

म्हणून दुकानात जायच्या आधी एक गोष्ट करावी. रोजचं काम नेहमीसारखं सुरू करावं, आणि जिथे वैताग येतो नेमक्या त्या क्षणी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख असतात. जुन्या कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा असं दिसतं: सीपीयू १५-२० टक्क्यांवर निवांत बसलेला, आणि डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली. ज्याला आपण म्हातारा म्हणत होतो तो बिचारा हातावर हात ठेवून वाट बघत असतो.

त्याला वाट का बघावी लागते याचा हिशेब साधा आहे. डेस्कटॉपमधल्या नेहमीच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवा तो माहितीचा तुकडा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो. त्यात ४ मिलिसेकंद गेले. त्याआधी हेडला योग्य त्या वर्तुळापर्यंत सरकायला ८-९ मिलिसेकंद लागतात. एका तुकड्याला १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० तुकडे. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर डिस्क बऱ्यापैकी पळते, सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते. पण विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना डिस्कभर विखुरलेले हजारो बारके तुकडे लागतात. समजा पाच हजार लागले, तर नुसता मिनिटभर त्यातच गेला. तहसील कचेरीत एकेका कागदासाठी शिपायाला रेकॉर्ड रूमपर्यंत पाठवत राहिलं, तर कारकून कितीही हुशार असून काय उपयोग?

तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे वाट बघणंही नसतं. तिथे एक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहून लवकर मिळतो. हा फरक शंभरपटीचा आहे, आणि तो हाताला जाणवतो. जाहिरातीत मात्र भलताच आकडा छापलेला असतो. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबी, एनव्हीएमई ३५०० किंवा ७००० एमबी. हा सलग वाचनाचा वेग. पत्रं टाइप करणाऱ्या, टॅली चालवणाऱ्या, पीडीएफ बघणाऱ्या माणसाला ५५० आणि ७००० मधला फरक बहुधा कळणारही नाही. हार्ड डिस्ककडून कुठल्याही एसएसडीकडे जाणं ही खरी उडी. त्यापुढची चढाओढ व्हिडिओवाल्यांसाठी आहे.

याचा अर्थ असा की बऱ्याच लोकांना नवा कॉम्प्युटर नकोच असतो. त्यांना एक एसएसडी, रॅमची आणखी एक पट्टी, नवी पेस्ट आणि ब्लोअरचा एक झोत हवा असतो.

पंचवीस वर्षांपूर्वी हे सांगता आलं नसतं. पहिला पेंटियम १९९३ मध्ये ६० आणि ६६ मेगाहर्ट्‌झवर आला. २००४ मध्ये पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्‌झ गाठले. अकरा वर्षांत साठपट. त्या काळात तीन-चार वर्षांचा कॉम्प्युटर खरोखरच कालबाह्य व्हायचा. पण त्याच २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ चा बेत गुंडाळला, कारण उष्णता आवरेना. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याची वीजही त्याच प्रमाणात कमी लागते, हा हिशेब मोडला होता. गॉर्डन मूरने १९६५ मध्ये सांगितल्याप्रमाणे चिपवरच्या ट्रान्झिस्टरची संख्या पुढेही वाढत राहिली, पण घड्याळाचा वेग थबकला. सुधारणा व्हायची ती आता एका ठोक्यात जास्त काम उरकण्यात आणि एका चिपवर जास्त कोअर बसवण्यात. २०२२ च्या कोअर आय३ १२१०० चा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे अकरा वर्षं जुन्या आय५ पेक्षा नावाला जास्त. एका कोअरचं काम मात्र तो जवळजवळ दुप्पट करतो, आणि वीज कमी खातो. दुप्पट ही चांगली सुधारणा आहे. साठपट नव्हे.

मग लोक कॉम्प्युटर बदलतायत कशासाठी? अलीकडे त्याचं मोठं कारण वेगळंच आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटची वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, तीही नोंदणी केली तर. आणि विंडोज ११ प्रत्येक कॉम्प्युटरला घरात घेत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी, सिक्युअर बूट हवं, आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर हवा. ही यादी इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. डेस्कटॉपसाठी ती पिढी ऑक्टोबर २०१७ मध्ये आली. एएमडीचे रायझन २००० मालिकेचे प्रोसेसर त्यानंतर सहा महिन्यांनी. म्हणजे त्याआधी घेतलेला ठणठणीत कॉम्प्युटरही दाराबाहेर. हे मला पटत नाही. चांगली चालणारी लाखो यंत्रं एका यादीमुळे मोडीत निघणं हा काही तंत्रज्ञानाचा नियम नव्हे, तो एका कंपनीचा निर्णय आहे. पण निर्णय झालाय, आणि बँकेचे, जीएसटीचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात ते सुरक्षा अपडेटशिवाय चालवू नये, हेही तितकंच खरं.

इथे घाई करू नये. २०१८ ते २०२१ मधल्या असेंबल्ड कॉम्प्युटरवर ‘तुमचा पीसी चालणार नाही’ असा संदेश आला तरी अनेकदा तो खोटा असतो. टीपीएम प्रोसेसरमध्येच दिलेलं असतं, फक्त बायॉसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावाने. चालू केलं की काम झालं. ज्यांचं यंत्र खरोखरच यादीबाहेर आहे त्यांच्यासाठी लिनक्स आहे. ब्राउझर आणि लिब्रेऑफिस एवढंच लागत असेल तर त्यावर आणखी पाच वर्षं आरामात निघतात. दुकानातला मुलगा ‘जुन्यावरच अकरा टाकून देतो’ म्हणतो तेही शक्य असतं, पण तशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

आता एक यंत्र जवळून पाहू. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान असतं: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळेची स्मरणिका, एखादा दिवाळी अंक. तिथे विंडोज ७ वर पेजमेकर ७ चालत असतो. त्याची ही शेवटची आवृत्ती २००१ ची. सोबत श्रीलिपी किंवा आयएसएम, आणि कॅबिनेटच्या मागे खोचलेलं डोंगल. हे डोंगल म्हणजे हार्डवेअर लॉक. ते काढलं की मराठी उमटत नाही. या माणसाला गिगाहर्ट्‌झ विचारून उपयोग नाही. त्याचे प्रश्न वेगळे आहेत. डोंगल पॅरलल पोर्टचं असेल, तर नव्या मदरबोर्डला ते पोर्टच नसतं. यूएसबीचं असेल तर त्याचा ड्रायव्हर ६४ बिटचा मिळतो का, हे आधी बघावं लागतं, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच आहे. १६ बिटचा एखादा जुना प्रोग्रॅम किंवा इन्स्टॉलर असेल तर तो त्यावर चालणारच नाही. आणि वीस वर्षांच्या हजारो फाइली अशा फाँटमध्ये आहेत की तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडल्या तर ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा पाला दिसतो. हे फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे; इंग्रजी अक्षरांच्या खणात देवनागरीचे तुकडे भरून केलेले.

या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये नेता येतात, पण डोळे मिटून नाही. दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या या शब्दांतला अर्धा र, कार्य आणि धर्मातला रफार, बॅट-बॉलवरचे चंद्र, आणि मराठी वळणाचे ल आणि श: बिघडायचं ते नेमकं इथे बिघडतं. एक पान बदलून, छापून, दोन्ही शेजारी ठेवून वाचावं. माझं मत असं की अशा दुकानाने नवा कॉम्प्युटर नव्या कामासाठी घ्यावा आणि जुना विकू नये. त्याची इंटरनेटची वायर काढावी, त्यात एसएसडी टाकावी आणि त्याला जुन्या फाइलींपुरता ठेवावा. पन्नास जुन्या पत्रिकांची गिऱ्हाइकं परत येतात. त्यांच्यासाठी तो दिवसातून अर्धा तास चालला तरी त्याने आपला खर्च भरून काढला. त्यावरून प्रत्येक तयार कामाची पीडीएफ काढून ठेवायची सवय लागली तर आणखी बरं, कारण पीडीएफमध्ये फाँट आत शिरलेला असतो.

नवा घ्यायचं नक्की झालं की माणूस मुंबईत ग्रँट रोड स्टेशनवर उतरून लॅमिंग्टन रोडला जातो, पुण्यात तपकीर गल्लीत, नाहीतर गावातल्याच ओळखीच्या दुकानात. तिथे कोटेशन मिळतं. साधारण असं: आय५ प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४५० वॉट एसएमपीएस, कॅबिनेट, कीबोर्ड-माउस, विंडोज ११. किंमत मोहात पाडणारी.

हा कागद नीट वाचला तर तो आतूनच फुटतो. एच६१ हा इंटेलचा २०११ चा चिपसेट. त्यावर फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात आणि रॅम डीडीआर३ लागते. म्हणजे बोर्ड नवा, खोकं नवं, पण प्रोसेसर कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला. आणि त्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही. तुम्ही जो कॉम्प्युटर टाकून देताय तोच नव्या डब्यात घरी येतोय.

त्यामुळे ‘आय५’ या शब्दावर समाधान मानू नये, पुढचा आकडा विचारावा. चार अंकी असेल तर पहिला अंक पिढी सांगतो: २४०० म्हणजे दुसरी, ८४०० म्हणजे आठवी. पाच अंकी असेल तर पहिले दोन: १२४०० म्हणजे बारावी. त्यामागचं अक्षरही वाचावं. ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड बसवल्याशिवाय पडद्यावर चित्रच येणार नाही. तो थोडा स्वस्त पडतो आणि मग बिलात जीटी ७३० सारखं २०१४ चं कार्ड चढतं. ऑफिसच्या कामाला त्या कार्डाचा काडीचा उपयोग नाही; बिनएफचा प्रोसेसर घेतला असता तर चित्र तसंच, किंबहुना जास्त चांगलं दिसलं असतं. ‘के’ अक्षर घड्याळाचा वेग हाताने वाढवणाऱ्या हौशी लोकांसाठी. एएमडीत ५६०० जी मधला ‘जी’ म्हणजे आत बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे.

रोजचं ऑफिस, डीटीपी, टॅली, मुलांचा अभ्यास यांना बाराव्या ते चौदाव्या पिढीचा आय३ पुरून उरतो. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, कारण आय३ म्हणजे गरिबाचा, असं डोक्यात बसलंय. फोटोंची मोठी कामं किंवा व्हिडिओ असेल तर सहा कोअरचा आय५ किंवा रायझन ५ घ्यावा. गेम हवे असतील तर ते प्रकरणच निराळं. तिथे पैसा ग्राफिक्स कार्डात जातो.

रॅम १६ जीबी घ्यावी. डीडीआर३, ४ आणि ५ यांच्या पट्ट्यांना खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे जुन्यातली काढून नव्यात बसवण्याचा विचार सोडावा. ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच वापरायचं असेल तर १६ च्या एका पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या, कारण ते ग्राफिक्स रॅममधूनच आपली जागा घेतं आणि दोन वाटांनी माहिती लवकर येते. दोनच खाचांचा बोर्ड असेल तर मात्र पुढे वाढवायला जागा उरत नाही. यात भावाचीही गोष्ट आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर त्या डिसेंबरात क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी ‘असू दे पुढेमागे’ म्हणून ३२ जीबी घेणं हा नुसता शौक.

सगळ्यात कमी भाव दिला जातो तो एसएमपीएसला, आणि नेमकं तिथेच वाचवू नये. स्वस्त डब्यावरचं ‘४५०’ हे बऱ्याचदा मॉडेलचं नाव असतं, वॉट नव्हेत. बाजूचं लेबल वाचावं, १२ व्होल्टच्या ओळीवर किती अँपिअर लिहिलेत ते बघून १२ ने गुणावं. खरा आकडा तोच. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवायचा कॉम्प्युटर नेहमीच्या कामात शंभर वॉटच्याही आत असतो, त्यामुळे खरे ४५० भरपूर झाले. त्यावर ८० प्लसचा शिक्का असेल तर तो वीज कमी वाया घालवतो. यूपीएसच्या बाबतीतही व्हीए आणि वॉट यांची गल्लत होते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. चांगल्या एसएमपीएसची काही मॉडेल्स स्वस्त यूपीएसवर लाइट गेल्या क्षणी बंद पडतात. दुकानातच प्लग ओढून बघावं, लाजू नये.

मोठ्या कंपन्यांकडून बदलून आलेले ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर असे ब्रँडेड कॉम्प्युटर रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. त्यांची बांधणी दणकट असते आणि आठव्या पिढीचा किंवा पुढचा मिळाला तर तो चांगला सौदा. सहाव्या-सातव्या पिढीचे एकदम स्वस्त का झालेत, हे आता सांगायला नको. मात्र छोट्या आकाराच्या मॉडेलांत एसएमपीएस आणि मदरबोर्ड त्या कंपनीच्याच मापाचे असतात. गेले तर बाजारातला कुठलाही आणून बसवता येत नाही.

राहिली विंडोज. कोटेशनमध्ये तिच्यापुढे किंमत नसेल तर लायसन्सचं काय, हे स्पष्ट विचारावं. ‘ते आम्ही टाकून देतो’ हे उत्तर म्हणजे लायसन्स नाही.

जुन्या कॉम्प्युटरच्या बायबॅकमध्ये हार्ड डिस्क देऊ नये. नेहमीचा क्विक फॉरमॅट मारल्याने माहिती पुसली जात नाही, फक्त तिचा पत्ता पुसला जातो. डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालावी. सहा महिने तरी ‘ती फाइल राहिलीच की’ असं होत राहतं. उरलेला सांगाडा भंगारवाल्याऐवजी नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राकडे द्यावा.

आणि बिल. ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग’ अशी एकच ओळ असलेलं बिल घेऊ नये. प्रोसेसरची वॉरंटी साधारण ३ वर्षं, एसएसडीची ३ किंवा ५, रॅमची त्याहून जास्त, कीबोर्ड-माउसची कमी. प्रत्येकाची कंपनी वेगळी आणि सर्व्हिस सेंटरही वेगळं. एकाच ओळीच्या बिलावर दुकानदार वर्षभराची वॉरंटी देतो आणि बाकीची वर्षं बुडतात. प्रत्येक भाग, त्याचं मॉडेल, सिरियल नंबर आणि १८ टक्के जीएसटी असं वेगवेगळं लिहून घ्यावं, रिकामी खोकीही मागून घ्यावीत, आणि खोक्यावरचा नंबर, वस्तूवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर दुकानात उभं राहूनच ताडून बघावा. कॅबिनेटचं झाकण लावायच्या आधी.